पाणघोड्याच्या वाटेवर बसलेला मेव्हणा

मला राग पटकन येतो. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको की झेलिपा शावाने लपवलं. अकरा वर्षं मी लुआंग्वा नदीकाठच्या जंगल-सफारीच्या कॅम्पवर चहा वाहिला. पायी फिरायला निघालं की रांगेत सगळ्यात पुढे बंदूकवाला, त्याच्या मागे वाटाड्या, मग पाहुणे, आणि शेवटी थर्मास, कप, बिस्किटं पाठीवर घेतलेली मी. सिंह दिसला की पुढचे थांबणार, कुजबुजणार, फोटो काढणार. मला मात्र समोरच्या पाहुण्याचा घामाने भिजलेला सदरा दिसणार. अकरा वर्षांत मी जितक्या पाठी पाहिल्या तितक्या एखाद्या शिंप्यानेही पाहिल्या नसतील.

पण कान मोकळे होते. पुढचा वाटाड्या पाहुण्यांना जे सांगायचा ते मी शेवटून ऐकत गेले, आणि त्याने काय चुकीचं सांगितलं तेही मला कळायला लागलं. एके दिवशी म्हटलं, बाई, ह्याला जमतं तर तुला काय धाड भरलीय? बसले वाटाड्याच्या परीक्षेला. पहिल्या वेळी पक्ष्यांच्या प्रश्नांनी घात केला. दुसऱ्या वेळी परीक्षकाने एकच प्रश्न चार वेळा विचारला, आणि चौथ्या वेळी मी त्याला विचारलं की साहेब, तुमचे कान घरी राहिलेत का. झालं! नापास. आता तिसरी वेळ, आणि तीनच वेळा बसू देतात. तिसऱ्यांदा पडलं की जन्मभर चहा.

आणि परीक्षक म्हणून नशिबी कोण यावं? कासोंदे. तेवीस वर्षांचा जुना वाटाड्या, नदीकाठचं पान न् पान ओळखणारा. आणि बेंबा!

आम्ही न्गोनी जमातीचे आणि ते बेंबा. पणजोबांच्या काळात एकमेकांना भाल्याने भोसकत होतो. पुढे तह झाला, आणि तेव्हापासून आम्ही सगळे एकमेकांचे थट्टेचे मेव्हणे. मेव्हणा वाटेल ते बोलणार. तुमच्या ताटातला मांसाचा तुकडा उचलणार, डोक्यावरची टोपी पळवणार, भर बाजारात तुमच्या खानदानाचा उद्धार करणार. तुम्ही रागवायचं नाही. रागावलात की हरलात, काढा दंडाची कोंबडी. आणि मेव्हण्याची तक्रार तर कुणाकडे न्यायचीच नाही, गावचा मुखियाही हाकलून देतो. माझ्या बापाच्या मयताला शेजारगावचा एक बेंबा चक्क उघड्या खड्ड्यात उतरून आडवा झाला होता. म्हणे, "ह्याला दुसरीकडे न्या! हा उंदीरखाऊ इथे झोपला तर रात्रभर बिळं उकरत बसेल, शेजारच्या मढ्यांची झोपमोड!" लोक रडता रडता हसले. माझी आईसुद्धा हसली. त्या दिवशी ती हसली म्हणून जगली, असं मला अजून वाटतं.

उंदीर आम्ही खातो, खोटं कशाला बोला. सुगीनंतरचे, शेतातले, मीठ लावून काडीला टोचून भाजलेले. ज्याने खाल्ले नाहीत त्याने तोंड उघडू नये. आणि बेंबा माकडं खातात, असं आम्ही म्हणतो. कासोंदे शपथेवर नाही म्हणतो. पण चोर कधी कबूल झालाय का?

ऑक्टोबरचा महिना होता, सकाळी सहालाच जमीन तापायला लागलेली. कचेरीत नामासिकूबाई बसल्या होत्या. परीक्षा समितीच्या प्रमुख, पश्चिमेकडच्या लोझी जमातीच्या. त्यांचे थट्टेचे मेव्हणे तिकडे वेगळे, आमच्या थट्टेत त्यांचा वाटा नाही. माझा तर समज होता की कुठल्याच थट्टेत नसावा. चष्मा नाकावर घेऊन त्यांनी नियम वाचले.

"एक, वाटाड्याने पाहुण्याला सोडून जायचं नाही. दोन, काहीही झालं तरी पळायचं नाही. तीन, गुणपत्रक परीक्षकाचं, उमेदवाराने त्याला हात लावायचा नाही. ह्यातलं एक जरी मोडलं तरी थेट नापास. समजलं?"

"समजलं, मॅडम."

"तिला एकदा उंदरांच्या भाषेत सांगा, मॅडम," कासोंदे म्हणाला, "म्हणजे लक्षात राहील."

"साहेबांना आधी झाडावरून उतरवा," मी म्हणाले, "मग भाषेचं बघू."

नामासिकूबाईंनी चष्म्यावरून दोघांकडे पाहिलं आणि गुणपत्रक कासोंदेच्या हातात दिलं.

बंदूकवाला म्हणून लॅक्सनकाका होता. पन्नाशी उलटलेला, कुंदा जमातीचा. ही दरी मुळात कुंदांचीच, त्यामुळे न्गोनी-बेंबांच्या भांडणात ते पडत नाहीत, नुसते ओट्यावर बसून ऐकतात. आणि चहा? चहा माझ्याच पाठीवर! कॅम्पवाले म्हणाले, तुझ्यासारखा चहा दुसरं कोण नेणार. वाटाड्याची परीक्षा द्यायची आणि थर्मासही वाहायचा. स्वतःच्या लग्नात नवरीनेच पंगत वाढावी, तशातली गत.

परीक्षेत परीक्षक पाहुण्याचं सोंग घेतो. जितका त्रासदायक पाहुणा, तितकी परीक्षा चांगली. कासोंदे यंदा राजधानी लुसाकाचा सिमेंटचा व्यापारी झाला होता. माझी पंचाईत अशी, की तोच पाहुणा आणि तोच मेव्हणा. पाहुण्याला अदबीने उत्तर द्यायचं, मेव्हण्याला सणसणीत. प्रत्येक वेळी तोंड उघडण्याआधी बघायला लागायचं की आत्ता बोलला तो कोण.

मोपान्याच्या झाडीतून बाहेर पडलो तर समोर झेब्रे.

"बाई," व्यापारी म्हणाला, "हे पांढरे आणि वर काळे पट्टे, की काळे आणि वर पांढरे?"

"आतून काळे, साहेब. केस भादरले तर सगळी कातडी काळीच निघते."

"तुम्ही भादरलेत?"

"नाही, साहेब. ते काम आम्ही सिमेंटवाल्यांकडूनच करून घेतो."

लॅक्सनकाका खोकला. पुढे दोन जिराफ बाभळीचे शेंडे खात उभे होते, चावताना आमच्याकडे खालच्या नजरेने बघत.

"ह्यांचा घास पोटात पोचेपर्यंत संध्याकाळ होत असेल, नाही?"

"आणि रवंथ करायला परत वर येतो, साहेब. त्या घासाचा सगळा दिवस येण्याजाण्यातच जातो."

हे त्याला आवडलं. कागदावर काहीतरी लिहिलं. मी जरा मान वाकडी केली, तर त्याने तळहात आडवा धरला, शाळेतली पोरं धरतात तसा.

मग बबून माकडांचा कळप लागला. पिल्लं आयांच्या पाठीवर, म्हातारे एकमेकांच्या उवा काढत बसलेले. इथे मला राहवेना.

"साहेब, नजर जरा खाली ठेवा. जेवणाला अजून वेळ आहे, आणि त्या लेकुरवाळ्या आहेत."

"मेहुणीबाई," कासोंदे म्हणाला, "तो कोपऱ्यात बसलाय ना, तो तुझ्या थोरल्या काकासारखा दिसतो. नमस्कार करून ये."

"माझा काका उवा स्वतः काढतो. तुमच्यात बायकोला बसवतात."

असं चाललं होतं. मग त्याने पहिला डाव टाकला. दाट झुडपांपाशी एकदम माझं मनगट धरलं आणि कुजबुजला, "बिबट्या! डावीकडे, दुसऱ्या फांदीवर!"

मी हात वर केला, रांग थांबवली, श्वास रोखून एकेक फांदी बघत राहिले. शेपूट दिसेना, ठिपका दिसेना. एवढ्यात मागून कुर्रम कुर्रम आवाज. वळून बघते तर माझ्या पाठीवरच्या पिशवीचं तोंड उघडं, आणि परीक्षकसाहेबांच्या गालात माझी दोन बिस्किटं!

"मेला!" मी म्हणाले.

"हे पाहुण्याला म्हणालीस की मेव्हण्याला?"

"मेव्हण्याला."

"मग ठीक. गुण कापत नाही."

आता हे मी गिळून बसेन होय? पाव तासाने कोरड्या नाल्यात उतरताना मी एकदम थिजले. हळूच म्हणाले, "साहेब, हलू नका. डाव्या पायाशी घोणस आहे."

तेवीस वर्षांचा अनुभवी माणूस, एका पायावर उभा! दुसरा पाय हवेत, डोळे मिटलेले, ओठ काहीतरी पुटपुटतायत. मी वाकले, पायाजवळची काटकी उचलली आणि त्याच्या नाकासमोर धरली. लॅक्सनकाका इतका हसला की बंदुकीला टेकून उभा राहिला.

कासोंदेने पाय खाली टेकला, विजार झटकली. "ऐक गं, उंदीरखाऊ. आता तू साप म्हण, सिंह म्हण, हत्ती म्हण, हा कासोंदे जागचा हलणार नाही. लॅक्सन, तू साक्षीला."

"आहे की," लॅक्सनकाका डोळे पुसत म्हणाला.

त्यानंतर थोडा वेळ आम्ही शहाण्यासारखे चाललो, कारण हत्ती आले. खरेच आले, सगळ्यांना दिसत होते. सात माद्या आणि एक पिल्लू, नदीकडे निघालेली. मी खिशातली राखेची पुरचुंडी झटकली. राख सरळ त्यांच्याकडे उडाली, म्हणजे आमचा वास तिकडेच. मी एक शब्द न बोलता सगळ्यांना मागे घेतलं, नाल्यातून वळसा घालून पलीकडच्या वारुळाआड नेऊन बसवलं. थोरल्या मादीने आम्ही आधी होतो तिथे येऊन सोंड वर केली, कान पसरले, बराच वेळ हवा हुंगली. पिल्लू तिच्या पायांतून बाहेर डोकावत होतं. शेवटी ती वळली आणि नदीकडे निघून गेली. कासोंदे माझ्याकडे न बघता लिहीत होता. भरपूर लिहीत होता.

नऊच्या सुमाराला नदीवर पोचलो. चहाची जागा वाटाड्याने निवडायची, तिलाही गुण असतात. मी एका जुन्या आबनुसाखाली पिशवी उतरवली. मागे जाड बुंधा, दोन्ही बाजूंना मोकळी नजर. चहा ओतला, कप दिले. आणि सिमेंटचा व्यापारी कप घेऊन उठला, सोबत माझा थर्मासही घेतला, आणि वीस पावलं चालत जाऊन काठावरच्या पडलेल्या ओंडक्यावर बसला. नदीकडे तोंड, झाडीकडे पाठ, मांडीवर गुणपत्रक.

"साहेब, तिथे नको," मी म्हणाले. "ती पाणघोड्याची वाट आहे. बघा, दोन चाकोऱ्या आणि मध्ये गवताची रेघ. बाजूच्या झुडपावर शेण उडवलंय, अजून ओलं आहे."

"मला इथून पक्षी दिसतात." समोरच्या कड्यात लाल वेड्या राघूंची शेकडो बिळं होती, आत-बाहेर नुसती धांदल. "मी पाहुणा आहे. मला पक्षी बघायचेत."

मला कळलं. हाही प्रश्नच होता. हट्टी पाहुण्याला कसं उठवायचं, त्याचे गुण. म्हणून मी तोंडात साखर धरून म्हणाले, "साहेब, इकडे सावलीत या, इथूनही दिसतात."

"नऊ वाजले, बाई. पाणघोडे पहाटेच पाण्यात जातात. एवढं सिमेंटवाल्यालाही माहीत आहे."

बरोबर होतं त्याचं. पण ऑक्टोबरात जवळचं गवत संपतं, लांब चरायला जावं लागतं, आणि एखादा आळशी उशिरा परततो. हे मी त्याला सांगणार, तोच ऐकलं. त्याच्या पाठीमागच्या झाडीत काहीतरी मोडलं. मग भात्यातून हवा सुटावी तसा एक फुत्कार.

अकरा वर्षं शेपटाला चालल्यावर मागचं ऐकायची सवय लागते. मी ओरडले नाही, पण स्पष्ट म्हणाले, "साहेब, उठा. पाणघोडा येतोय."

"हो का? आणि पाठीवर सिंह बसलाय का?"

"कासोंदे, थट्टा नाही ही. उठा!"

"घोणस पुरे झाली, मेहुणीबाई."

मी लॅक्सनकाकाकडे पाहिलं. तो बुंध्याला टेकून, बंदूक खांद्याला अडकवून, कपात फुंकर मारत हसत होता. त्यालाही गंमतच वाटत होती! झाडी पुन्हा मोडली, जवळ.

"मेव्हणे, माझ्या मेलेल्या बापाची शपथ!"

कासोंदे इतका हसला की चहा मांडीवर सांडला. "बापाची शपथ तू काटकीसाठीही घेतली असतीस!"

आणि मला दिसलं, आम्ही काय करून ठेवलंय ते. दुसऱ्या कुणाच्या हातून हे होणार नाही, हे फक्त आमचंच पाप. दोन तास मी त्याला खोट्याची सवय लावली होती आणि त्याने मला. आता खरं सांगायला आमच्यात एक शब्द शिल्लक नव्हता. मी रडून सांगितलं असतं तरी तो म्हणाला असता, वा, सोंग छान वठवलंस. शब्दाने हा माणूस उठणार नव्हता. हाताला धरून ओढावं, तर तो माझ्या दुप्पट वजनाचा, त्याने गमतीगमतीत ओंडकाच धरून ठेवला असता.

मग कशाने उठेल?

मी धावले. सरळ त्याच्यापाशी गेले, मांडीवरचा कागद हिसकला आणि बाजूला, आबनुसाकडे, जिवाच्या आकांताने पळाले. नियम दोन आणि नियम तीन, एका दमात!

"ए! ए चोरटे! अगं परीक्षेचा कागद आहे तो! झेलिपा! ए!"

उठला एकदाचा! कप टाकला आणि विजारीला आग लागल्यासारखा माझ्या मागे धावत सुटला. आबनुसापाशी येऊन त्याने माझा दंड धरला, तोंड उघडलं, आणि त्याच वेळी झाडी फाटली.

पाणघोडा दिसायला सुस्त असतो, पण पळताना त्याला बघितलेला माणूस त्याला पुन्हा सुस्त म्हणत नाही. भरल्या बैलगाडीएवढं धूड, अंग घामासारख्या लाल चिकट्याने चकाकणारं, जबडा उघडा. त्याच्या आणि पाण्याच्या मध्ये आलेलं काहीही त्याला चालत नाही. ओंडका एका धक्क्याने आडवा फिरला. माझा अकरा वर्षांचा थर्मास पायाखाली येऊन भाकरीसारखा चपटा झाला. मग ते धूड काठावरून घसरत खाली गेलं, पाण्याचा डोंगर उठला, आणि शेकडो लाल राघू एकदम आकाशात उधळले.

लॅक्सनकाकाची बंदूक खांद्याला लागली होती, पण गोळी झाडावी असं आता समोर काही उरलं नव्हतं. त्याचा कप त्याच्या बुटांवर सांडला होता.

कासोंदेचा हात अजून माझ्या दंडावर होता. माझ्या दुसऱ्या हातात कागद. आणि हो, मी वाचला. समोर धरलेला कागद न वाचायला मी काय देवमाणूस आहे? प्राणी, माग, झाडं, वारा, पाहुण्याशी वागणं. बेरीज एक्क्याऐंशी. पास व्हायला साठ लागतात. हत्तींपुढे त्याने लिहिलं होतं, "उत्तम." फक्त शेवटची ओळ रिकामी होती: वाटाड्या होण्यास योग्य, होय की नाही.

म्हणजे मी पास झाले होते. नुसती शांत बसले असते तरी पास होते. तेव्हा माझ्या डोळ्यांना पाणी आलं, आणि ते पाणघोड्याच्या भीतीचं नव्हतं.

कासोंदेने हात पुढे केला. मी कागद दिला. त्याने घडी घालून खिशात ठेवला आणि सगळी वाट एक शब्द बोलला नाही. त्याच बबूनांच्या कळपावरून आम्ही परत आलो, तरी तो बोलला नाही. मेव्हणा गप्प बसला की समजावं, घराला आग लागलीय.

कचेरीत नामासिकूबाईंनी कागद उलगडला. वर चहाचे डाग, कोपरा फाटलेला, मधोमध माझ्या बोटांचे पाच चिखलाचे ठसे.

"ह्याला कुणी हात लावला?"

"मी, मॅडम."

"लॅक्सन, बंदूकवाल्याचा जबाब."

लॅक्सनकाकाला खोटं बोलता येत नाही. जीभच वळत नाही त्याची. "तिने कागद हिसकला," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "आणि पळाली. मग साहेबही पळाले. मग पाणघोडा आला."

"आधी ती पळाली?"

"आधी ती."

"झेलिपा, का?"

उत्तर माझ्या जिभेच्या टोकावर होतं. मी तीनदा सांगितलं, हा गाढव उठला नाही. एवढंच तर सांगायचं होतं, आणि ते खरंही होतं! पण मेव्हण्याची तक्रार बाहेरच्यांपुढे न्यायची नाही. असं करणारी बाई आमच्यात कुठल्याच मयताला, कुठल्याच लग्नाला पुन्हा तोंड वर करून जाऊ शकत नाही. आणि दुसरंही होतं. त्याने ऐकलं नाही, कारण ऐकू नये असं मीच त्याला शिकवलं होतं.

"मेव्हण्याची वस्तू पळवायचा मला हक्क आहे, मॅडम," मी म्हणाले. "म्हणून पळवली."

"परीक्षेत?"

नामासिकूबाईंनी लाल पेन उचललं. मला त्या क्षणी कासोंदेचा इतका संताप आला, इतका, की कोंबडी काय, अख्खं खुराडं दंड भरायला मी तयार होते. उभा होता आपला खांबासारखा!

"थांबा, मॅडम," तो म्हणाला.

त्याने छातीवरचा वाटाड्याचा पितळी बिल्ला काढला आणि टेबलावर ठेवला. "मेव्हण्याची तक्रार करायची नाही म्हणून ती बोलत नाहीये. पण स्वतःची तक्रार करायला कुणी बंदी केलेली नाही. तिने मला तीनदा उठवलं. तिसऱ्या वेळी मेलेल्या बापाची शपथ घेतली. मी हसलो. पाणघोड्याच्या वाटेवर, ओल्या शेणाशेजारी, पाठ करून बसलो होतो. तिला पळाली म्हणून नापास करणार असाल तर हा बिल्लाही ठेवून घ्या. मीही पळालोच."

"नियम पळण्याचा आहे, कासोंदे."

"पाहुण्याला टाकून पळण्याचा आहे, मॅडम. ती मला टाकून नाही पळाली. मला घेऊन पळाली."

नामासिकूबाईंनी बिल्ला उचलून उलटसुलट पाहिला आणि परत ठेवला. मी लाल पेनाकडे बघत राहिले. बाहेर कुणीतरी जीप सुरू करत होतं आणि ती सुरू होत नव्हती.

"हे नियम आम्ही कशासाठी केले?" शेवटी त्या म्हणाल्या. "पाहुणा जिवंत परत यावा म्हणून. आणि पाहुणा जिवंत परत आलाय." त्यांनी चष्मा काढून पुसला. "दुर्दैवाने."

ही थट्टा होती, हे आम्हा तिघांना जरा उशिराच कळलं.

मी रडले. लपवत नाही, चांगली हुंदके देऊन रडले. लॅक्सनकाका टोपी काढून उभा राहिला, जसं काही कुणी गेलंय. कासोंदेने मात्र बिल्ला परत छातीला लावला, कागद ओढून घेतला आणि शेवटच्या ओळीपुढे "होय" लिहिलं. तेवढ्यावर थांबेल तर तो बेंबा कसला? खाली शेऱ्याच्या जागेत ठळक अक्षरांत लिहिलं: "उमेदवार उंदीरखाऊ असून चोर आहे. पण चोरी वेळेवर करते."

नामासिकूबाईंनी वाचलं. "हा कागद कायमचा दप्तरी राहतो, झेलिपा. हा शेरा तुला मान्य असेल तर सही कर. नसेल तर पुढच्या वर्षी नवा परीक्षक, नवी परीक्षा. तो हक्क तुला आहे."

कासोंदे माझ्याकडे बघत होता, गालात हसू दाबून, आणि डोळे मात्र अजून लाल. मी पेन घेतलं. त्याच्या शेऱ्याखाली नीट, एकेक अक्षर सुटं काढत लिहिलं: "मान्य. मात्र मागे आवाज झाला की उंदीर उठून पळतो, परीक्षक बसून राहतो."

आणि सही केली. नामासिकूबाईंनी दोन्ही शेऱ्यांवर मिळून एकच शिक्का मारला आणि लॅक्सनकाकाला पुढचा उमेदवार आत पाठवायला सांगितलं.